माजी पंतप्रधानांची खोली

बेडोक, सिंगापूर
१७ एप्रिल २०२४

चि. सुमीस,

बेडोकच्या पंतप्रधानांचे आशीर्वाद. कृष्णाकाठचं राज्यशास्त्र ठीक आहे ना?

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस. शिवाय जहाजावरची सवय, काही महत्त्वाचं असलं की कागद ओढायचा. तर बातमी अशी. परवा सोमवारी इथल्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की १५ मेला ते खुर्ची सोडणार. वीस वर्षं झाली त्यांना. रुसवेफुगवे नाहीत, आमदार हॉटेलात नेऊन ठेवणं नाही. पुढे कोण, हे दोन वर्षांपूर्वीच ठरलेलं. १९५९ पासून तीन माणसं झाली, हा चौथा. तेवढ्या काळात आपल्या सांगलीने किती नगराध्यक्ष पाहिले ते तूच मोज, मला दम लागतो.

आणि आता दुसरी बातमी. मीही १५ मेलाच सोडतोय. जहाजांची इंजिनं तपासून द्यायची माझी ही कंपनी मी बोट सोडल्यापासून चालवली. चिरंजीव रुचिर रॅफल्स प्लेसची बँक सोडून सहा वर्षं माझ्या हाताखाली घासतोय. आता त्याला बसवतो. घरचं मंत्रिमंडळही त्याच दिवशी त्याच्याकडे.

तू या मंत्रिमंडळाला नेहमी हसायचीस. हस. दर रविवारी नाश्ता झाला की मी माझी जहाजावरची पितळी घंटा वाजवतो, सगळे जेवणाच्या टेबलाशी बसतात, एकेक विषय निघतो, हात वर करून मत होतं आणि शेवटी निर्णय माझा. रुचिर सात वर्षांचा होता तेव्हापासूनची ही पद्धत. कॉलेजात असताना एकदा उलट बोलला म्हणून मी त्याला वर्षभर मंत्रिमंडळातून काढलं होतं. रविवारी स्वयंपाकघरात बसून खायचा आणि ऐकायचा. आज बघ कसा सरळ झालाय. हूं की चूं करत नाही.

मला भीती कसली? या देशात गेलेल्या पंतप्रधानाला कोणी घरी पाठवत नाही. त्याला सीनिअर मिनिस्टर करतात, मंत्रिमंडळातच खुर्ची देतात. पहिल्यांनी तर सांगूनच ठेवलं होतं की मला थडग्यात उतरवताना काही चुकतंय असं वाटलं, तरी मी उठून येईन. मला हे फार आवडतं.

छोट्या देशांचे पंतप्रधान हाच ना तुझ्या पीएचडीचा विषय? तू ते पुस्तकात शोधलेस, मी त्यांच्या गावात राहतो. काही चुकलं असेल तर लाल पेनाने दुरुस्त करून पाठव.

तुझा,
मनोहरदादा


सांगली
२८ एप्रिल २०२४

ती. दादास नमस्कार.

निवृत्त झाल्यापासून लाल पेन आणलेलं नाही, निळ्याने भागव.

चूक एकच आहे. तुझी मोजणी ५९ पासून सुरू होते, खुर्ची त्याआधीपासून होती. ५५ साली मुख्यमंत्री होता, आणि वर इंग्रज गव्हर्नर. त्या मुख्यमंत्र्याला गव्हर्नरने बसायला धड खोलीच दिली नव्हती. झाडाखाली टेबल टाकून बसतो म्हणाला, तेव्हा कुठे जिन्याखालची एक खोली मिळाली, असं सांगतात. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार आवडायची. मी त्यांना म्हणायचे, राज्यघटना नंतर वाचा, आधी बघा की कुणाला खोली कोण देतं. सत्ता कुणाची ते तिथेच कळतं.

तू सोडतोयस हे उत्तम. वेळेवर उठणाऱ्याची शोभा राहते, नाहीतर लोक खुर्चीसकट उचलतात. पण दादा, सोडायचं तर पुरतं सोड. डायरेक्टर म्हणून कागदावर नाव ठेवशील, सहीचा अधिकार ठेवशील, तर रुचिर जन्मभर तुझ्या सावलीत राहील. तिथले पंतप्रधान सही मागे ठेवणार नाहीत. तूही ठेवू नकोस.

माझ्याकडे नवीन काही नाही. पूर्वेची खोली रंगवायला काढली आहे. खिडकीच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, सुतार लावलाय. तो रोज उद्या येतो.

तुझ्या पत्रात घरातल्या सगळ्यांची नावं असतात, संजीवनीचं नसतं. ती आधी माझी मैत्रीण होती आणि नंतर तुझी बायको झाली, म्हणून तिचं नाव मी इथे घातलं.

सुमित्रा


बेडोक
२० मे २०२४

चि. सुमीस,

माजी पंतप्रधानांचे आशीर्वाद. माजी हा शब्द जिभेवर अजून बसत नाही, पण बसेल.

बुधवारी संध्याकाळी टीव्हीवर तिकडचा शपथविधी पाहिला आणि काल रविवारी आमचा केला. प्रणिताने, म्हणजे सूनबाईने, शिरा केला होता. मी भाषण केलं. घंटा रुचिरच्या हातात दिली. तो 'थँक यू बाबा' म्हणाला, बस. मला वाटलं होतं दोन शब्द बोलेल. पण घंटा घेतल्यावर बराच वेळ ती उलटीसुलटी करून बघत होता, म्हणजे भरून आलं असणार.

तुझं ऐकून सही, डायरेक्टरपद, सगळं सोडायचे कागद दिले. जूनअखेर ते पुरं होईल. आणि एक नियम मी स्वतःच जाहीर केला. माजी पंतप्रधानाला मंत्रिमंडळात बोलण्याचा हक्क, मताचा नाही. कसा आहे? असा मोठेपणा दाखवायलाही जिगर लागते. गार्गी, माझी नात, इथल्या पोरांच्या इंग्रजीत विचारते कशी, "आजोबा, सो यू नॉट द बॉस ऑलरेडी लाह?" अकरा वर्षांची आहे, पण तिला नेमकं कळतं. तिला म्हटलं, मी सीनिअर मिनिस्टर. तर म्हणाली, "ओके, दॅट वन आल्सो कॅन."

खोली कुणासाठी रंगवतेस? भाडेकरू ठेवतेस की या वयात लग्नबिग्न?

संजीवनीबद्दल. २०१६ चा राग तू अजून धरून आहेस, ते मला ठाऊक आहे. तिला शेवटचे महिने तुझ्याकडे सांगलीला यायचं होतं. मी हुकूमशहा नाही, रीतसर बैठकीत विषय घेतला. ती, रुचिर, प्रणिता, तिघांचे हात वर. मी व्हेटो वापरला. इथले डॉक्टर, इथली औषधं, तिकडे कृष्णेच्या पाण्यावर काय ती बरी होणार होती? सगळ्यांच्या भल्याचा निर्णय एकाच माणसाला घ्यावा लागतो. मी घंटा वाजवली आणि पुढचा विषय घेतला, वॉशिंग मशीन बिघडलं होतं. घर असंच चालतं, सुमे. रडत बसलं तर चालत नाही.

तुझा,
मनोहरदादा


सांगली
२ जून २०२४

ती. दादास नमस्कार.

तुझ्या सीनिअर मिनिस्टरची गोष्ट तू अर्धीच सांगतोस, उरलेली माझ्या प्रबंधात आहे. पहिले पंतप्रधान ९० साली उतरले आणि सीनिअर मिनिस्टर झाले. २००४ ला दुसरे उतरले, तेही झाले. मग पहिल्यांसाठी आणखी एक नवं पद काढलं. एका टेबलाशी आजी एक, माजी दोन. २०११ ची निवडणूक झाली आणि दोन्ही माजी मंत्रिमंडळातून बाहेर पडले, तरुणांना वाट मोकळी करून द्यायला. ते पद काही वारसाहक्काने मिळत नाही. नवा पंतप्रधान देतो म्हणून मिळतं, आणि देतो तोवरच.

हे घाबरवायला लिहिलेलं नाही. माहिती म्हणून लिहिलं.

२०१६ चा राग नाही. राग असता तर एव्हाना विझला असता.

खोलीचा रंग फिका पिवळा घेतला. कोणी ना कोणी येईलच राहायला. चार खोल्या आणि मी एकटी.

सुमित्रा


बेडोक
१ जुलै २०२४

चि. सुमीस,

तुझं २०११ वाचलं. ते मोठ्या लोकांचं राजकारण, आमच्याकडे रक्ताचं नातं आहे.

ऑफिसात रुचिरने माझी केबिन घेतली, ते योग्यच. मला पँट्रीला लागून टेबल दिलं. चहाचं यंत्र हाताशी, झेरॉक्स मागे. जिन्याखालची खोली म्हणून तू हसशील. पण पोरं चहाला येतात तेव्हा चार गोष्टी विचारतात. गेल्या आठवड्यात मी एका रिपोर्टवर शेरा मारला, तर रुचिरने सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबांचं मत ऐका, पण मला विचारून करा." आवाज चढवला नाही. माझाच शब्द होता तो, मी त्याच्याबद्दल म्हणायचो, "याचं ऐका, पण मला विचारून करा." पोरगा शिकला म्हणायचं.

एक किरकोळ भानगड झालीय. मी इथे राहत होतो तो माझ्याच कंपनीच्या वर्क पासवर. डायरेक्टरपद सुटलं तसा शुक्रवारी पास रद्द झाला. आता २८ जुलैपर्यंतचा व्हिजिट पास आहे, पाहुण्यासारखा. तुला आठवत असेल, संजीवनी शाळेत शिकवायची. तिने आपल्या नोकरीवर स्वतःचं आणि रुचिरचं पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, करून घेतलं होतं. रुचिरने पुढे इथली सक्तीची सैन्यसेवा केली, सिटिझन झाला, फ्लॅटही त्याच्या नावावर. मला सगळे म्हणाले तूही घे. मी म्हटलं, मनोहर दोन झेंड्यांना सलाम करायचा नाही. त्याचा पश्चात्ताप नाही. मुलगा सिटिझन असला की तो बापाला लाँग टर्म पाससाठी स्पॉन्सर करू शकतो. त्याने अर्ज भरायचा, झालं.

मी रुचिरला सांगितलं तर म्हणाला, "रविवारी विषय घेऊ, बाबा. चौदा तारखेला." बघ, घरच्या बापाचं कामही रीतसर बैठकीतून. कोणाचा मुलगा आहे?

प्रणिता मात्र दोन दिवस माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नाही. ऑफिसच्या कामाने दमत असेल.

तुझा,
मनोहरदादा


सांगली
९ जुलै २०२४

ती. दादास नमस्कार.

रुचिर तुझ्याच हाताखाली तयार झालाय. जे शिकवलंस तेच करेल, त्यात शंका नको.

सुतार अखेर आला. खिडकी आता पूर्ण उघडते. पलंगावर झोपून बाहेरचं शेवग्याचं झाड दिसतं.

सुमित्रा


बेडोक
१५ जुलै २०२४

सुमे,

कुरिअरने पाठवतोय, वेळ कमी आहे.

काल बैठक झाली. नाश्त्याला पोहे होते. रुचिरने घंटा वाजवली. पहिला विषय गार्गीच्या पोहण्याच्या क्लासचा, तो झाला. दुसरा माझा. त्याने इंग्रजीत वाचून दाखवलं, जसं मी वाचायचो. बाबांना लाँग टर्म पाससाठी स्पॉन्सर करावं का, ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा.

गार्गीने दोन्ही हात वर केले. प्रणितानेही केला, खाली बघत. मीही सवयीने केला. रुचिर म्हणाला, "माजी पंतप्रधानांना बोलण्याचा हक्क आहे, मताचा नाही. तुमचाच नियम आहे, बाबा." मी हात खाली घेतला. म्हटलं बरं, दोन मतं आहेत, पुरे.

तो म्हणाला, "बोलायचं आहे काही?"

मी बोललो. काय बोललो ते नीटसं आठवत नाही. इतकी वर्षं इथे गेली हे बोललो. गार्गीच्या शाळेचं बोललो. संजीवनीच्या अस्थी इथल्या समुद्रात आहेत हेही बोललो. रुचिरने पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "व्हेटो."

प्रणिता म्हणाली, "रुचिर, प्लीज." गार्गी म्हणाली, "पापा, हाऊ कॅन! टू व्होट्स लेह!" तो म्हणाला, "सगळ्यांच्या भल्याचा निर्णय एकाच माणसाला घ्यावा लागतो." मराठीत म्हणाला. शब्द न् शब्द. मग घंटा वाजवली आणि म्हणाला, "पुढचा विषय, वॉशिंग मशीन बिघडलंय."

मशीन ठणठणीत आहे, सुमे. मी सकाळीच कपडे लावले होते.

गार्गी उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी रुचिरला म्हटलं, तू सूड घेतोयस. तर म्हणाला, "नाही बाबा. सूड घेणारा माणूस ओरडतो. तुम्ही कधी ओरडला होता का?" आणि ताटल्या उचलून आत गेला. नंतर मला चहाही आणून दिला. साखर बरोबर होती.

माझी गोष्ट वेगळी होती, हे तुला तरी कळेल. मी तिच्या उपचारासाठी केलं. याला कसलं कारण आहे? मी आजारी नाही. याला बाप नको आहे, एवढंच. बापाने शिस्त लावली त्याचं हे फळ. मी त्याच्या जागी असतो तर असं केलं नसतं.

सत्तावीस तारखेचं तिकीट त्याने काढलं आहे. खिडकीची सीट घेतलीय, पाय पसरायला जागा असलेली. पुण्याहून गाडीची सोयही केली. कशात कसूर ठेवली नाही.

मी तुझ्याकडे येतो. थोडे दिवस. तो निवळला की परत बोलावेल. तुझी ती रंगवलेली खोली रिकामी असेल तर मला दे, नाहीतर ओसरीवरही चालेल. पत्र नको, फोन कर. या वेळी नुसतं 'हं' म्हणू नकोस.

मनोहर


सांगली
२० जुलै २०२४

दादा,

फोन केला नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस. पत्रात बोलता येत नाही, म्हणून पत्र, कुरिअरने.

खोली तुझीच आहे. ओसरीवर कशाला झोपशील? ती तुझ्यासाठीच रंगवली.

एप्रिलमध्ये तुझ्या पत्राच्या आधी रुचिरचा फोन आला होता. बाबा सगळं सोडायचं म्हणतायत, आत्या, मी काय करू, असं विचारत होता. मी म्हटलं, अर्धवट सोडू देऊ नकोस, पुरतं सोडू दे. सहीसकट. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव, माझ्याकडे खोली आहे. एवढंच बोललो आम्ही. त्याने माझ्याकडून काही मागितलं नाही, मीही त्याला काही सांगितलं नाही. तू त्याला इतकं छान तयार केलं होतंस की सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी रंगारी बोलावला.

पास कशावर आहे हे मला ठाऊक होतं. संजीवनी वर्षानुवर्षं त्यावरून तुला विनवत होती आणि मला सांगत होती.

तो रंग तिने निवडलाय. २०१६ मध्ये तिने फोनवर सांगितलं होतं की फिका पिवळा दे, डोळ्यांना त्रास होत नाही. पलंग खिडकीशी हवा, झोपून शेवगा दिसला पाहिजे. मी पलंग आणून ठेवला होता. त्या रविवारी ती येणार की नाही हे कळायचं होतं, म्हणून मी दिवसभर फोनपाशी बसले. संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, सुमे, मी सलाईनचा हात वर केला होता, दुसरा उचलत नव्हता. मग म्हणाली, वॉशिंग मशीनचं ठरलं. आणि हसली. तिचं तसलं हसणं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतर ती माझ्याशी फार बोलली नाही, दम लागायचा.

तेव्हापासून ती खोली बंद होती. पलंग तोच आहे. गादीवर अजून कुणी झोपलेलं नाही.

तू विचारशील, मी तुझी बहीण, मग तुझ्याशी असं का वागले. मला तू इथे हवा होतास, दादा. तिच्या जागेवर, तिच्या खिडकीशी, जिथून तिला दिसायला हवं होतं ते तुला रोज दिसेल असा. आणि माझ्या देखत. जेवणखाण वेळेवर मिळेल, औषधं आणून देईन, डॉक्टर कोपऱ्यावरच आहे. कशात कसूर होणार नाही. रुचिर तुला बोलावणार नाही. त्याची वाट बघायची असेल तर खिडकी पूर्ण उघडते.

तू रविवारी पोचशील. रविवारी सकाळी मी घरी नसते, बाजारात जाते आणि तिथून माझ्या मैत्रिणीकडे, शुभदाकडे. किल्ली शेजारी ठेवली आहे. घंटा रुचिरने ठेवून घेतली असेल, नसेल तरी आणू नकोस. इथे वाजवली तर ऐकायला कोणी नाही.

सुमित्रा